कानातला आवाज, हातातला चेंडू

अमेरिकन फुटबॉलचे रविवारचे सामने संपले की सोमवारी सकाळी आमच्या न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी मित्रांच्या गटावर ठरलेला वाद पेटतो. संघ हरला, आता दोष कुणाचा? एक म्हणतो, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकच कुचकामी, बसवा त्याला बाकावर. दुसरा म्हणतो, चाली सांगणाऱ्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला आधी घरी पाठवा. तिसरा पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या सुटलेल्या झेलाची चित्रफीत टाकून मोकळा होतो. रेडिओवर आणि टीव्हीवर मोठमोठे माजी खेळाडूही हाच वाद घालतात, फक्त आवाज अधिक चढा असतो. मला या वादाचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच्या मुळाशी असलेली समजूतच चुकीची आहे. चाल सांगणं हे एकाचं काम, ती खेळणं दुसऱ्याचं, आणि दोघांना परीक्षेसारखे वेगवेगळे गुण देता येतात, अशी ती समजूत. माझं म्हणणं वेगळं आहे. क्वार्टरबॅकचे आकडे ही त्याची एकट्याची कमाई नसते आणि रिसीव्हरचे तर त्याहून नसतात. ती त्या दोघांची आणि त्यांना चाल सांगणाऱ्या माणसाची सामायिक मिळकत असते. ती साठायला बहुतेक वेळा एक हंगाम पुरत नाही, दुसरा लागतो. आपण मात्र पहिल्याच हंगामाच्या शेवटी वाटणी करायला बसतो.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या खेळातली एक गोष्ट पटकन पचत नाही. इथे प्रत्येक चेंडूआधी मैदानाबाहेरचा माणूस ठरवतो की आता काय करायचं. आधीची चाल संपली की चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात कोऑर्डिनेटर किंवा मुख्य प्रशिक्षक चाल निवडतो आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर ती सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. मग क्वार्टरबॅक हडलमध्ये, म्हणजे मैदानावरच्या घोळक्यात, उरलेल्या दहा जणांना तेच शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवतो. ‘स्पायडर टू वाय बनाना’ ही त्यातली त्यातल्या त्यात सुटसुटीत आणि प्रसिद्ध चाल. ‘स्पायडर टू’ म्हणजे पुढच्या फळीने क्वार्टरबॅकला संरक्षण कसं द्यायचं ते, ‘वाय’ म्हणजे टाइट एंड, पुढच्या फळीच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा, आणि ‘बनाना’ म्हणजे त्याने केळ्यासारखा बाक घेत कोपऱ्याकडे धावायचं. अनेक चाली याच्या तिप्पट लांब असतात. एक शब्द निसटला तर एक रिसीव्हर डावीकडे वळतो, चेंडू उजवीकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी आकड्यांच्या तक्त्यात इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकाने पळवलेला पास, क्वार्टरबॅकच्या नावावर पडतं.

चालीत नुसता धावण्याचा नकाशा नसतो, वेळही असते. बिल वॉल्श 1970 साली सिनसिनाटीत साहाय्यक प्रशिक्षक होता. ग्रेग कुक हा तगड्या हाताचा तरुण क्वार्टरबॅक खांद्याच्या दुखापतीने बाद झाला होता आणि वॉल्शच्या वाट्याला व्हर्जिल कार्टर आला. कार्टरचा हात लांब फेकीचा नव्हता, पण नेम चांगला होता, डोकं चलाख होतं. वॉल्शने त्याला लांब फेकायला लावलंच नाही. आखूड आणि आडवे पास आखले आणि क्वार्टरबॅकच्या मागे सरकण्याच्या पावलांची सांगड रिसीव्हरच्या धावेशी घातली. तीन पावलं किंवा पाच पावलं, आणि चेंडू सुटला, मग रिसीव्हर अजून वळलेला असो वा नसो. 1971 साली अचूक पासांच्या टक्केवारीत कार्टर संपूर्ण एनएफएल लीगमध्ये पहिला आला. त्याचा हात एका वर्षात लांब झाला नव्हता. त्याला काय करायला सांगायचं, हे बदललं होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो सगळ्यात ठळक सामन्याचा. 1 फेब्रुवारी 2015, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. सिॲटल चार गुणांनी मागे, चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर, दुसरा डाउन, म्हणजे चार प्रयत्नांपैकी दुसरा, 26 सेकंद बाकी, एक टाइमआउट हातात. मागे मार्शॉन लिंच उभा, चेंडू घेऊन धावणारा त्या काळचा सर्वांत दणकट रनिंग बॅक, आदल्याच चालीत चार यार्ड घेऊन आलेला. चेंडू त्याच्याकडे न देता पासची चाल आली. रसेल विल्सनने फेकलेला चेंडू न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने गोलरेषेवर पळवला. बटलरला 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी निवडलंही नव्हतं. सिॲटल 28-24 हरलं. तेव्हापासून ‘लिंचला द्यायला हवा होता’ हे वाक्य म्हणजे चालींच्या चर्चेतलं अंतिम सत्य मानलं जातं.

ते मला पटत नाही. लिंचला दिलं असतं तर कदाचित जिंकले असते, हे मी मान्य करतो. पण एका टाइमआउटमध्ये आणि 26 सेकंदांत तीनही डाउन वापरायचे, तर एक पास खेळणं भागच होतं, कारण अपुरा राहिलेला पास घड्याळ थांबवतो आणि अडवलेली धाव ते चालू ठेवते. ‘पास का’ हा प्रश्न म्हणून चुकीचा आहे. विचारायला हवं होतं ते ‘हाच पास का’ आणि ‘याच माणसाला का’. ती चाल जवळून पाहा. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक. पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. कर्सने समोरच्या बचावपटूला मागे रेटायचं, त्याच्या आडून लॉकेटने आत तिरकं घुसायचं. पण कर्ससमोर उभा होता ब्रँडन ब्राउनर, धिप्पाड कॉर्नरबॅक, आदल्या हंगामापर्यंत सिॲटलच्याच संघातला. त्याने कर्सला जागच्या जागी खिळवून ठेवलं. आडोसा तयारच झाला नाही, बटलरला मोकळी वाट मिळाली. आणि लॉकेट हा मुख्यतः किकच्या वेळी उतरणाऱ्या स्पेशल टीम्समध्ये खेळणारा. हंगामभर अशा क्षणी चेंडू ज्याच्याकडे जात नव्हता, त्याच्याकडे वर्षातला सर्वांत महत्त्वाचा चेंडू पाठवला गेला. सामन्यानंतर कोऑर्डिनेटर डॅरेल बेव्हेल म्हणाला की लॉकेटने चेंडूसाठी अधिक ताकदीने भिडायला हवं होतं. ते ऐकून मला फार लागलं. चाल ज्याने सांगितली त्याच्याकडून दोष घरंगळत सर्वांत खालच्या पायरीवरच्या खेळाडूपर्यंत किती सहज येतो!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाल कुणीही सांगो, शेवटी फेकतो तो हात आणि झेलतात ती बोटं. गुणी माणसं आली की चाली आपोआप हुशार दिसतात. जेरेड गॉफचं उदाहरण नेहमी दिलं जातं. 2016 साली पहिल्या क्रमांकाने निवडलेला हा क्वार्टरबॅक पहिल्या वर्षी सात सामन्यांत उतरला आणि सातही हरला. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे प्रशिक्षक म्हणून आला, गॉफने सहा गुण देणारे 28 टचडाउन पास फेकले आणि त्याचा संघ रॅम्स लीगमधला सर्वाधिक गुण करणारा संघ ठरला. मॅकव्हेची जादू म्हणतात ती हीच. पण त्याच वर्षी क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या डाव्या टॅकलच्या जागी अँड्र्यू व्हिटवर्थ आला, रॉबर्ट वुड्स आणि कूपर कप हे रिसीव्हर आले. मग जादू नेमकी कुणाची? आक्षेप घेणाऱ्यांचं इथे बरोबर आहे. माणसं आणि चाली एकदम बदलल्या तर श्रेय वेगळं काढता येत नाही.

म्हणून मी अटलांटाकडे जातो. तिथे नियतीने जवळजवळ प्रयोगशाळाच मांडून ठेवली होती. क्वार्टरबॅक एकच, मॅट रायन. मुख्य रिसीव्हर एकच, ज्युलिओ जोन्स. मुख्य प्रशिक्षक एकच, डॅन क्विन. बदलत गेला तो चाली सांगणारा. 2015 साली काइल शॅनहन आला. त्या पहिल्या वर्षी रायनचे 21 टचडाउन पास आणि 16 इंटरसेप्शन. लोक म्हणाले, तिशी ओलांडली, संपला. दुसऱ्या वर्षी, 2016 मध्ये, त्याच रायनचे 38 टचडाउन आणि फक्त 7 इंटरसेप्शन, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सन्मान. शॅनहन सॅन फ्रान्सिस्कोला गेला, 2017 साली स्टीव्ह सार्किशियन आला. पहिल्या वर्षी पुन्हा घसरण, 20 टचडाउन आणि 12 इंटरसेप्शन. पुन्हा तीच कुजबुज, रायन शॅनहनच्या जिवावर मोठा झाला म्हणून. आणि मग 2018 मध्ये, त्याच सार्किशियनच्या दुसऱ्या वर्षी, 35 टचडाउन आणि 7 इंटरसेप्शन. जोन्सच्या नावावर 1,677 यार्ड, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. त्या वर्षी बचावफळीतले बिनीचे खेळाडू जायबंदी झाले, संघ नऊ सामने हरला, आणि हंगाम संपताच सार्किशियनला काढून टाकलं. 2019 मध्ये डर्क कोटर आला. रायन 26 टचडाउनवर उतरला आणि इंटरसेप्शन 14 वर चढली.

हे आकडे मी अनेकदा मांडून पाहिले आहेत. 2016 साली पुढच्या फळीच्या मध्यभागी ॲलेक्स मॅकसारखा उत्तम सेंटर आला होता, हे खरं. पण तो 2017 मध्येही होताच की! मग घसरण कशाची? एका माणसाच्या पाच वर्षांवरून सर्वांना लागू होणारा नियम काढता येत नाही, हेही खरं. तरी दोन वेगळ्या माणसांच्या हाताखाली पहिलं वर्ष अडखळतं आणि दुसरं फुलून येतं, हे डोळ्याआड करण्यासारखं नाही. शॅनहन थोर आणि सार्किशियन सामान्य, असा निकाल लावणाऱ्यांनी 2018 चा हंगाम पाहिलाच नाही. नवा माणूस नवी भाषा घेऊन येतो. पहिल्या वर्षी क्वार्टरबॅक ती भाषांतर करत बोलतो, म्हणून त्याचा चेंडू अर्ध्या क्षणाने उशिरा सुटतो. दुसऱ्या वर्षी तो तिच्यातच विचार करू लागतो.

याचा अर्थ चाल सांगणारा चुकत नाही असा मुळीच नाही. शॅनहनच्या त्याच सोनेरी हंगामाचा शेवट आठवा. 5 फेब्रुवारी 2017, सुपर बोल, अटलांटा एका क्षणी 28-3 ने पुढे. मग 28-20, पाच मिनिटांहूनही कमी वेळ, आणि ज्युलिओ जोन्स साइडलाइनच्या आत दोन्ही पाय कसेबसे टेकवत अशक्य वाटणारा झेल घेतो. चेंडू न्यू इंग्लंडच्या 22 यार्डांवर. आता धावांच्याच चाली खेळल्या असत्या आणि तीन गुणांचा फील्ड गोल मारला असता तर आघाडी अकराची झाली असती. एक धाव झाली, यार्ड गमावला. मग पासची चाल आली, रायन बारा यार्ड मागे सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला, पुढच्या चालीत विरोधकाला धरून ठेवल्याबद्दल होल्डिंगचा दंड बसला, आणि फील्ड गोलचं अंतरच हातातून गेलं. सामना 34-28 असा गेला. मी त्या रात्री शॅनहनवर चिडलो होतो आणि ती चाल आजही मला चूकच वाटते. पण ज्या माणसाच्या चालींनी रायनला तिथवर आणलं, त्याच माणसाची ती चूक होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि आपल्या वादात नेमकी याचीच जागा नसते.

रिसीव्हरचं तर कुणी ऐकूनच घेत नाही. 2015 साली जोन्सने 136 झेल घेतले, 2016 मध्ये 83. आकडे वाचणारा म्हणेल, घसरला. प्रत्यक्षात त्याच वर्षी संघाचं आक्रमण लीगमध्ये अव्वल होतं आणि रायनचे टचडाउन पास तेरा वेगवेगळ्या खेळाडूंनी झेलले, जो लीगचा विक्रम ठरला. जोन्स खोलवर धावला की दोन बचावपटू त्याच्यामागे जात आणि मोकळ्या झालेल्या जागेत टेलर गेब्रिएल किंवा मोहम्मद सानू चेंडू घेत. चाळीस यार्ड जीव तोडून धावायचं, आणि तक्त्यात आपल्या नावापुढे शून्य. हे काम कुणाला किती वेळा द्यायचं ते चाल सांगणारा ठरवतो, आणि पुढचा करार ठरतो तो त्या तक्त्यावरून. म्हणजे चाल सांगणाऱ्याच्या निवडीवर रिसीव्हरचं पोटपाणी अवलंबून असतं. काही धावांमध्ये तर निर्णय रिसीव्हरनेच घ्यायचा असतो, बचावपटू आत असेल तर बाहेर वळायचं, बाहेर असेल तर आत. तोच बचावपटू त्याच क्षणी क्वार्टरबॅकलाही तसाच दिसला पाहिजे. सरावात शेकडो वेळा एकत्र पाहिल्याशिवाय हे कसं जमेल?

आणि शरीर? 3 ऑक्टोबर 2010 ची रात्र आमच्या न्यू जर्सीतल्याच मैदानावरची. शिकागोचा जे कटलर जायंट्सविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच नऊ वेळा सॅक झाला, डोक्याला मार लागून बाहेर गेला. चाली माइक मार्ट्झच्या होत्या. हाच मार्ट्झ 1999 साली सेंट लुइसमध्ये कोऑर्डिनेटर होता, जेव्हा एकेकाळी सुपरमार्केटच्या फळ्यांवर माल लावणारा कर्ट वॉर्नर 41 टचडाउन पास फेकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. त्या चालींत क्वार्टरबॅक खोल मागे जातो, रिसीव्हर लांबवर धावतात, सगळं उलगडायला वेळ लागतो. वॉर्नरसमोर ऑर्लँडो पेससारखा टॅकल होता, कटलरसमोर तशी भिंत नव्हती. चाली वाईट नव्हत्या, त्या या माणसांच्या नव्हत्या. कटलरने चेंडू फार वेळ हातात धरला असं म्हणणारे अर्धसत्य बोलतात. तो धरायला लावणाऱ्या चालीच त्याला मिळत होत्या. त्याच हंगामात पुढे मार्ट्झने धावत्या चाली वाढवल्या आणि शिकागो एनएफसी या लीगच्या अर्ध्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं.

उरला शेवटचा आक्षेप. चाल चुकीची वाटली तर क्वार्टरबॅकने ती चेंडू हातात येण्याआधी लाइनवर बदलावी, इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग बदलत नसे का? बदलत असे. पण तो अधिकार त्याला कोऑर्डिनेटर टॉम मूरने दिला होता आणि दोघांनी एकत्र दहा वर्षं काढली होती. हा अधिकाराचा झगडा फार जुना आहे. क्लीव्हलँडमध्ये प्रशिक्षक पॉल ब्राउन दर चालीला पुढच्या फळीतला एक गार्ड आत पाठवून त्याच्या तोंडून चाल कळवायचा, आणि ऑटो ग्रॅहमसारख्या थोर क्वार्टरबॅकला ते सलत असे. 1956 साली ब्राउनने हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला, लीगने लगेच बंदी घातली. आपल्याकडच्या वाचकांना 1999 च्या विश्वचषकातला होव्हचा सामना आठवेल. भारताविरुद्ध हान्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला, पलीकडून बॉब वुल्मर बोलत होता, आणि सामनाधिकाऱ्यांनी ते काढायला लावलं. क्रिकेटने तो आवाज नाकारला, फुटबॉलने 1994 साली कायदेशीर केला. गंमत वाटेल, पण ब्राउनचे निरोप घेऊन आत-बाहेर करणाऱ्या गार्डांपैकी एक होता चक नोल, आणि पुढे पिट्सबर्गचा प्रशिक्षक झाल्यावर त्याने टेरी ब्रॅडशॉला स्वतःच्या चाली स्वतः सांगू दिल्या. चार सुपर बोल जिंकले त्यांनी. म्हणजे वाट एकच नाही. पण मॅनिंग असो वा ब्रॅडशॉ, विश्वास आधी मिळाला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. दर वर्षी कानातला आवाज बदलणाऱ्या पोराकडून आपण तो अधिकार कुठल्या तोंडाने मागतो?

असा एक पोरगा होता. 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या क्रमांकावर ॲलेक्स स्मिथला निवडलं. पहिल्या वर्षी एक टचडाउन पास, अकरा इंटरसेप्शन. कोऑर्डिनेटर माइक मॅकार्थी निघून गेला. मग नॉर्व्ह टर्नर, मग जिम हॉस्लर, मग मार्ट्झ, मग जिमी रे, मग माइक जॉन्सन. सहा वर्षांत सहा माणसं, सहा भाषा, मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रिया. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, जाणकारांनी त्याला फसलेल्या निवडींच्या यादीत टाकलं. 2011 साली जिम हार्बॉ प्रशिक्षक झाला, ग्रेग रोमन सातवा कोऑर्डिनेटर. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंच्या भांडणात लीगला टाळं लागलं होतं. स्मिथकडे तेव्हा करारही नव्हता. तरी नव्या चालींचं पुस्तक घेऊन त्याने सॅन होजेच्या विद्यापीठ मैदानावर सहकाऱ्यांना जमवलं आणि सातवी भाषा त्यांना स्वतः शिकवली. त्या हंगामात 17 टचडाउन, 5 इंटरसेप्शन, तेरा विजय.

हे उदाहरण माझ्याच मांडणीला छेद देतं, कारण इथे पहिलंच वर्ष यशाचं होतं. पण त्या वर्षाचा पाया वाटाघाटीच्या खोलीत नाही, त्या उन्हाळी मैदानावर घातला गेला, आणि शिकणाऱ्यांत टाइट एंड व्हर्नन डेव्हिस होता. 2006 सालीच संघात आलेला. स्मिथबरोबर टर्नरपासूनच्या सगळ्या भाषा त्यानेही पाठ केल्या होत्या आणि विसरल्याही होत्या. 14 जानेवारी 2012, न्यू ऑर्लीन्सविरुद्ध बाद फेरी, सॅन फ्रान्सिस्को तीन गुणांनी मागे, घड्याळात काही सेकंद. रोमनची चाल आली, डेव्हिस सरळ धावून आतल्या बाजूला वळणार. स्मिथने चेंडू सोडला तेव्हा एक बचावपटू डेव्हिसच्या अंगावर येतच होता. धडक आणि झेल एकाच क्षणी, गोलरेषेवर, नऊ सेकंद बाकी असताना. डेव्हिस रडत साइडलाइनला आला आणि हार्बॉच्या मिठीत शिरला.